येसूआत्याचा कौल

येसूआत्या काम करायच्या आधी दमून घ्यायची. काम झाल्यावर दमणारी माणसं गल्लोगल्ली असतात, त्यांच्याबद्दल लिहावं असं काही नसतं. आत्याचं उलटं होतं. दळण आणायचं असलं की डब्याला हात लावण्याआधी ती ओट्यावर बसायची, पाय लांब करायची, पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, "दमले गं बाई." मग उठायची, डबा डोक्यावर घ्यायची आणि गिरणीतून परत येईपर्यंत तिच्या तोंडून हूं की चूं निघायचं नाही.

मी एकदा विचारलं, "आत्या, अजून तू उंबऱ्याबाहेर गेली नाहीस, दमलीस कशानं?"

"दमायचं तर हायेच ना, बाळ्या. मंग आदीच दमून घ्यावं. काम हलकं जातं."

आमच्या घराण्यात हा गुण माझ्याकडेही आलाय, पण अर्धाच. मी आधी दमतो आणि काम तसंच राहतं.

माझ्या लग्नात ती हळदीच्या आदल्या दिवशी आली, मांडवातली एक सतरंजी कोपऱ्यात ओढली आणि तिच्यावर सरळ आडवी झाली. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, म्हातारीला काही झालं. तेव्हा ती म्हातारीही नव्हती. माझी होणारी सासू घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आली. आत्या झोपल्या झोपल्याच म्हणाली, "मला काय न्हाई झालं, ईहीणबाई. उद्या पुरण वाटायचंय, त्याचं दमून घेतीय." दुसऱ्या दिवशी तिनं एकटीनं सगळ्या वऱ्हाडाचं पुरण वाटलं आणि माझ्या सासूला पाट्याजवळ फिरकू दिलं नाही. बायको अजून मला ऐकवते, की तुमच्या घरात कामाचं माणूस एकच होतं आणि ते लग्न होऊन बाहेर गेलं होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आम्ही निरगुडसरचे. तिला दिली होती पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याच्या गावात, घोडेगावच्याही पुढं. आमच्याकडे त्या काळी विहिरी उन्हाळ्यात तळ दाखवायच्या आणि तिच्याकडे ओढा बारमाही. माझे आजोबा म्हणाले होते, पोर पाण्याच्या गावात पडली, सुखात राहील. पुढं डिंभ्याचं धरण झालं. तिचं गाव पाण्याखाली गेलं आणि आमच्याकडे कालवा आला. आमचा ऊस उभा राहिला तो तिच्या अंगणावरून आलेल्या पाण्यावर. मी मंचरला पाण्याच्या मोटारींचं रिवायंडिंग करायचं, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळायचं दुकान टाकलं, तेही त्याच पाण्याच्या जिवावर. पाणी आलं म्हणून मोटारी आल्या, मोटारी आल्या म्हणून जळायला लागल्या, जळायला लागल्या म्हणून माझी पोरं शिकली.

आत्यानं हे कधी भांडून ऐकवलं नाही. निरगुडसरला आली की माठातलं पाणी प्यायची, तांब्या खाली ठेवायची आणि माझ्या वडिलांना विचारायची, "दादा, माझ्या चुलीवरचं पाणी हाये हे. गोड लागतंय का?" वडील मान खाली घालून हसायचे. मग तीच म्हणायची, "प्या, प्या. वाया जान्यापरीस भावानं पिलेलं बरं."

धरणानंतर तिच्या लोकांना खाली, रस्त्याच्या कडेला जागा मिळाल्या. कोणी इकडं गेलं, कोणी तिकडं. सगळ्यांचं सगळं हललं, एक देवी सोडून. देवी होती गावामागच्या टेकडीवर. गाव बुडालं, टेकडीचा माथा राहिला आणि त्याचं बेट झालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की चिखलातून तिथं चालत जाता येतं, पण देवीचा दिवस नवरात्रात आणि नवरात्रात धरण तुडुंब. म्हणून दर वर्षी एकदा अख्खी भावकी किसनभाऊंच्या लाँचमधून बेटावर जायची. मलाही आत्या बोलवायची. माहेरचं माणूस पाहिजे, असं ती म्हणायची. खरं कारण मला ठाऊक होतं. मासवडीच्या रश्श्याची किटली मांडीवर धरून न हलता बसणारं माणूस तिला पाहिजे होतं. मला पाण्याची इतकी भीती वाटते, की लाँचमध्ये बसल्यावर मी हलतच नाही. ज्या माणसानं जन्मभर पाणी उपसायच्या मोटारी दुरुस्त केल्या, त्याला पोहता येत नाही, ही गोष्ट किसनभाऊ दर वर्षी नव्या माणसाला सांगत.

लाँच सुटायची ती ऊन वर आल्यावर. इंजिन आधी दोन-तीनदा खोकायचं, मग धरायचं. आत्या नेहमी सगळ्यांच्या उलटं, मागे तोंड करून बसायची. लाइफ जॅकेटची सक्ती झाल्यापासून तर तिच्याकडे पाहायला आसपासच्या तंबूंतले पर्यटक थांबायचे. नऊवारी, त्यावर भगवं फुगीर जॅकेट, जॅकेटच्या खिशात तंबाखूची डबी आणि मोबाइल. "कशी दिसते रं?" तिनं मला विचारलं होतं. मी म्हणालो, "पालखीतल्या देवासारखी." ती म्हणाली, "देवाला चौघं उचलत्यात. मला कोन उचलतंय?"

काठाकाठानं लाँच जाते तेव्हा जे दिसतं ते मी दर वर्षी पाहिलं आणि दर वर्षी किटली धरून पाहिलं. डाव्या हाताला डोंगराचा उतार अगदी पाण्यात उतरलेला, सोनकीनं पिवळा झालेला. खाचरांत भात पोटरीत आलेला, शेवटची खाचरं निम्मी पाण्यात. जणू भातानंच पाय धुवायला ठेवलेत. थर्माकोलच्या ठोकळ्यांवर बसून जाळी काढणारे लोक. लांबून ते पाण्यावर नुसतेच बसल्यासारखे दिसतात. बुडालेल्या झाडांचे शेंडे आणि प्रत्येक शेंड्यावर पंख पसरून एकेक पाणकावळा, धुणं वाळत घातल्यासारखा. पहिलं बेट बगळ्यांचं. त्याच्यावर हिरवं काही उरलेलं नाही, सगळं पांढरं. त्याच्या जवळून जाताना नाकाला रुमाल. दुसऱ्या बेटावर एकच आंबा आणि त्याच्याखाली म्हशी. या म्हशी सकाळी पोहत बेटावर जातात आणि संध्याकाळी पोहत घरी येतात, कोणी न्यायला-आणायला जात नाही. पाण्यात नुसती शिंगं आणि नाकपुड्या, मागे लांबत जाणारी रेघ. आत्या उलटी बसलेली असल्यानं तिला म्हशी मागे पडताना दिसायच्या. ती त्यांच्याकडे हेव्यानं पाहायची. "काय सुख हाये बघ," म्हणायची, "आंग पान्यावर टाकायचं आन जायचं."

पाण्याखाली ती कधी बोट दाखवायची नाही. एका वर्षी पुण्याचं एक जोडपं आमच्याबरोबर लाँचमध्ये आलं होतं. त्यातल्या बाईनं फार हळव्या आवाजात विचारलं, "आजी, तुमचं घर इथंच खाली आहे ना? काय वाटतं हो?"

"हाये की," आत्या म्हणाली. "मासं ऱ्हात्यात आता. भाडं देत न्हाईत."

 किसनभाऊ सुकाणूपाशी इतके हसले, की लाँच वाकडी झाली आणि माझ्या मांडीवर रस्सा सांडला. त्या वर्षी मी देवीचं दर्शन तिखट पायजम्यात घेतलं.

तिसरं बेट देवीचं. धक्का-बिक्का काही नाही. लाँच खडकाला नाक लावून उभी राहते आणि आपण उतरायचं. आत्याचे गुडघे गेले तसं किसनभाऊ पाण्यात उतरून तिला दोन्ही हातांनी उचलायचे, बाजरीचं पोतं उतरवावं तसं. ती त्यांच्या खांद्यावरून म्हणायची, "हळू रं किसना. आत दानं हायेत."

आता कौलाचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय आत्या कळत नाही.

देवी म्हणजे मूर्ती नाही, तांदळा आहे. जमिनीतून वर आलेला, शेंदूर लावलेला गुडघाभर दगड. त्याला आंघोळ घालायची आणि ओल्या शेंदरावर झेंडूच्या दोन पाकळ्या चिकटवायच्या, एक आपल्या उजव्या हाताला, एक डाव्या. मग विचारायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हा कौल लावायचा मान आत्याच्या सासरच्या घराचा आणि घरातही सुनेचा. सासूनंतर आत्या. तिच्यानंतर तिच्या मुलाची, दत्तूची बायको मंगल. मंगल घोडेगावला बालवाडी चालवते, चाळीस पोरं एका हाकेत गप्प बसवते, पण कौलाचं नाव काढलं की म्हणते, "आत्याबाई, मला नका सांगू. देवीनं काय उलटंपालटं सांगितलं तर जन्मभर मला बोलतील."

प्रश्न वर्षानुवर्षं एकच होता. भावकीनं रस्त्याकडेला नवं देऊळ बांधलं होतं. फरशी, स्टीलचे कठडे, कर्णा, सगळं. फक्त गाभारा रिकामा. त्यात देवीचा फ्रेम केलेला फोटो. देवीला नव्या देवळात आणायचं, सगळ्यांची सोय होईल, म्हाताऱ्यांची पाण्यावरची फरफट थांबेल. पण कौल झाल्याशिवाय तांदळा हलवायचा नाही, यावर मात्र देऊळ बांधणाऱ्यांचंही एकमत. आणि दर वर्षी डावी पाकळी पडायची.

हळूहळू लोक बोलायला लागले. म्हातारीच पाकळी सैल लावते. म्हातारीला देवी हलवायची नाही. जुन्या गावाचा मोह सुटत नाही. आत्याचा मुलगा दत्तू या देवळामागचा मुख्य माणूस. त्याला भावकीत मान खाली घालायला लागायची. लाँचमध्ये एकदा तो चिडून म्हणाला, "आई, तू मनावर घेतलंस ना, तर देवी उद्या येईल."

"मी काय घ्यायचं मनावर? मीच तर म्हनते तिला, चल बाई म्हनून. ती न्हाई म्हनती."

यावर सगळे एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावायचे. आत्याला ते दिसायचं. ती जॅकेटच्या खिशातून डबी काढून तंबाखू मळायची.

मीही डोळे मिचकावणाऱ्यांतलाच होतो. मग एका वर्षी बेटावर चढताना माझ्या बुटात खडा गेला. सगळी मंडळी खाली चुलीसाठी दगड मांडत होती. मी तांदळ्यामागच्या करवंदीच्या जाळीआड बसून बूट काढत होतो. आत्या वर आली, एकटीच. आंघोळ घातली, पाकळ्या लावल्या. मला वाटलं, आता मंत्र-बिंत्र म्हणेल. ती दगडासमोर पाय लांब करून बसली आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलायला लागली.

"बये, औंदा तरी चल. मला न्हाई व्हत आता. गुडघ्यात जीव ऱ्हायला न्हाई. किसना मला पोत्यावानी उचलतो, लाज वाटती. तितं पंखा हाये, लाइट हाये. मी सकाळ-सांज येत जाईन तुज्याकडं. चल ना."

तिनं हात जोडून वाट पाहिली. डावी पाकळी सुटली आणि खाली आली. आत्यानं ती उचलली आणि दगडाकडे अशा नजरेनं पाहिलं, की उलट उत्तर देणाऱ्या सुनेकडेही तिनं तसं पाहिलं नसेल. मग उठताना दगडालाच हात टेकून उठली.

ती खाली आली तेव्हा दत्तूनं नुसत्या भुवया उंचावल्या. आत्या म्हणाली, "न्हाई म्हनती." दत्तूनं हातातलं लाकूड चुलीत जोरात सारलं. मी बोलणार होतो. पण मी आत्याच्या घरचा पाहुणा आणि एका पायात बूट. मी मासवडी वाढायला घेतली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आत्या मोरीत घसरली. हाड मोडलं नाही, पण मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जिने नाहीत, चढ नाहीत, लाँच-बिंच तर विचारूच नका. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि घटस्थापनेला पदर खोचून कणकेचा डबा काढला. दत्तूनं बोलून पाहिलं, मंगलनं रडून पाहिलं. मला मंचरहून खास बोलावून घेतलं. मी जे बोललो ते आत्यानं पोथीसारखं ऐकलं आणि म्हणाली, "किटली घासून ठिवलीय. वाईच बघ, झाकन नीट बसतंय का."

त्या वर्षी तिला लाँचमध्ये चढवायला दोघं लागले. बगळ्यांचं बेट गेलं, म्हशी गेल्या, तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. चेहरा पाण्यासारखाच, वर काही दिसत नव्हतं. दत्तूचं लक्ष मात्र बेटाकडेच होतं. बेटाला लागल्यावर तो सगळ्यांच्या आधी उडी मारून वर गेला. "जागा झाडून घेतो," म्हणाला. दत्तूला मी आयुष्यात झाडू हातात घेतलेला पाहिला नव्हता, पण आईच्या काळजीनं माणूस बदलतो, असं मला वाटलं. मला असं पुष्कळ काही वाटतं.

कौलाला त्या वर्षी सगळेच वर आले. आत्यानं आंघोळ घातली. दत्तूनं पुढं होऊन पाकळ्या हातात दिल्या, डावी स्वतःच लावली, म्हणाला, "तुला वाकवत न्हाई." आत्यानं उजवी लावली, डोळे मिटले. ओठ हलले. ती देवीला चल म्हणून विनवतेय हे मला ठाऊक होतं, इतरांना नव्हतं.

उजवी पाकळी पडली.

आधी कोणाला कळलंच नाही. मग एकदम उदो उदो झाला. नारळ फुटले. किसनभाऊंनी खाली लाँचमधून भोंगा वाजवला. मंगल रडत होती आणि दत्तूनं आईचे पाय धरले. आत्या दगडासमोर तशीच बसून होती. तिच्या तोंडावर जे आलं होतं त्याला आनंद म्हणता येणार नाही. खूप लांबून चालत आलेल्या माणसाला कोणी खुर्ची दिली, तर बसण्याआधी तो जसा त्या खुर्चीकडे पाहतो, तसं काहीतरी.

लोक प्रसादाला खाली निघाले. आत्या उठेना. आम्ही तिघं मागे राहिलो, दत्तू, मंगल आणि मी. आत्या दगडाकडे पाहत होती.  मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "दत्तू, ह्या मुंग्या कुठं निघाल्यात रं?"

तांदळ्याच्या बुडापासून मुंग्यांची एक बारीक रांग वर चढत होती. शेंदरावरून सरळ डाव्या पाकळीपर्यंत. पाकळीभोवती त्यांची गर्दी झाली होती.

आत्यानं पाकळीला बोट लावलं. ती सुटेना. नखानं काढावी लागली. तिच्या मागे चिकट, तांबूस काहीतरी होतं. आत्यानं बोट नाकाशी नेलं.

"पुरनाचा गूळ," ती म्हणाली.

 खाली कोणीतरी पत्रावळी मोजत होतं.

"आई," दत्तू म्हणाला, "तुझ्यासाठी केलं गं. डॉक्टर काय म्हनले ऐकलंस ना? पुढच्या वर्षी तुला कोन आननार हितं? मेलीस तर पान्यात मरशील."

"गुडघं माजं हायेत. तिचं नाव कशाला मधी घ्यायचं?"

"एकदाची आली असती. सुटली असतीस."

"ती कुठनं आली असती? दगड आला असता." आत्याचा आवाज चढला नव्हता. चढवायची ताकदच नव्हती. "मंग मी रोज त्याच्याम्होरं बसून काय इचारायचं? तू हायेस का बाई, म्हनून? मला म्हाईत हाये ना, तू गूळ लावलाय ते."

दत्तू मोठा माणूस आहे. टोमॅटोच्या गाड्या गुजरातला पाठवतो. तो तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा मातीत रेघा ओढायला लागला. "भावकीला आता काय सांगू?" एवढंच म्हणाला.

"थांब," आत्या म्हणाली. "बाळ्या, पानी आन."

मी कळशी आणली. तिनं दगड पुन्हा धुतला. गूळ निघेपर्यंत पदरानं पुसला. मुंग्या हलक्या हातानं बाजूला केल्या. मंगलला म्हणाली, "पाकळ्या दे." मंगलनं हारातल्या झेंडूच्या दोन पाकळ्या तोडून दिल्या.  आत्यानं दोन्ही लावल्या, एक इकडं, एक तिकडं. "आता बघा," म्हणाली. "सगळी बघा. मागनं कुनी म्हनू नका, म्हातारीनं सैल लावली."

आम्ही बघत बसलो. पाकळ्या तशाच. वरून ऊन. करवंदीत एक भारद्वाज घूं घूं करत होता. खाली जेवणं सुरू झाली, संपली. कोणीतरी हाक मारली, दत्तूनं हातानं थांबायची खूण केली. मंगलनं आत्याच्या डोक्यावर छत्री धरली. धरणावरून वारा सुटला, पाण्यावर काटे उभे राहिले. खालून किसनभाऊ ओरडले, "दत्तूशेठ, आवरा, वारा लागतोय." वाऱ्यानं छत्री उलटी झाली, आत्याचा पदर उडाला, समोरच्या उदबत्त्या विझल्या. पाकळ्या हलल्या नाहीत. ना उजवी, ना डावी. ओला शेंदूर वाळत चालला आणि त्याच्याबरोबर त्या तिथंच वाळल्या.

दत्तू आईकडे पाहत होता. त्याच्या तोंडावर, मला वाटतं, पहिल्यांदाच विश्वास बसल्याची खूण होती, की आईनं इतकी वर्षं काही केलं नव्हतं.

शेवटी आत्या हसली. दात नसलेलं, थकलेलं, पण खरं हसू.

"तीबी दमलीय रं," ती म्हणाली. "मी म्हनायची चल, ती म्हनायची न्हाई. इतकी वरसं आमी दोगी एकमेकीला तेच इचारतोय. आता तिला बोलायचासुदिक कटाळा आलाय. बसू द्या तिला हितं."

"आन देऊळ?" दत्तूनं विचारलं.

"देवळात दुसरा कुनी बसवा, ज्याला इचारावं लागत न्हाई." मग मंगलकडे वळून म्हणाली, "तुला कौल लावायला नगं ना? मंग ऐक. आजपून कुनी लावायचा न्हाई. माज्या सासूनं मला मान दिला, मी तुला सुटी देते. ज्याला यायचंय त्यानं यावं, दिवा लावावा, भाकर खावी, घरी जावं. ज्याला न्हाई जमत त्यानं काठावरनं हात जोडावं. तिला दिसतंय सगळं. उंचावर हाये ती."

मग ती दगडाला टेकून उठायला लागली. दत्तूनं तिला उठू दिलं नाही. त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि तसाच खाली निघाला. भावकीला काय सांगितलं, ते मी नीट ऐकलं नाही, कारण माझ्या हातात रिकामी किटली होती आणि उतार निसरडा होता. पण गूळ आपण लावला हे त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, एवढं नक्की. थोडी बोलाचाली झाली. एक म्हातारा म्हणाला, "न्हाई पडली म्हंजी न्हाईच की राव." तिथं विषय संपला. नव्या देवळात पुढं गणपती बसवला.

दुसऱ्या वर्षी आत्या लाँचमध्ये चढली नाही. काठापर्यंत आली मात्र. दत्तूनं गाडीतून प्लॅस्टिकची खुर्ची काढली, पाण्याजवळ सपाट जागा पाहून मांडली, वर छत्री बांधली. मंगलच्या हातात नैवेद्याची दुरडी, माझ्या हातात किटली. आत्यानं किटलीचं झाकण दाबून पाहिलं आणि मला म्हणाली, "जा. आन तिला सांग, मी हितं हाये." त्यानंतरच्या थंडीत आत्या वारली. त्या दिवसाची भेट ती माझी तिच्याशी शेवटची.

लाँच सुटली. इंजिन खोकलं आणि धरलं. काठ मागे जायला लागला तसे सगळे वळून पाहायला लागले. दत्तूनं हात वर केला, मंगलनं केला. मीही किटली एका हातानं धरून दुसरा उचलला, जे मी पाण्यावर कधीच करत नाही. आत्याचा हात वर आला नाही. तिची मान छातीवर पडली होती, हात मांडीवर उघडे. आम्ही निघालो न निघालो तोच तिला झोप लागली होती. किसनभाऊंनी भोंग्याकडे नेलेला हात मागे घेतला. तिच्या एका पायातली चप्पल सुटून पाण्याच्या कडेला पडली होती आणि आमच्याच लाँचनं उठवलेली लाट तिथपर्यंत जाऊन ती भिजवत होती.